एंजिनाचा श्वास

मोटारगाडी पेट्रोलवर चालते असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे विधान खोटे नसले तरी अपुरे आहे. पेट्रोल जळण्यासाठी हवा लागते आणि ती फार मोठ्या प्रमाणावर लागते. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा आवश्यक असते. नेहमीच्या तापमानाला एवढ्या हवेचे आकारमान १२,००० लिटरांच्या घरात जाते. पेट्रोल हा द्रव असल्यामुळे तो एंजिनापर्यंत नेण्यास एक बारीक नळी पुरते. हवा मात्र विरळ असते, तिला जागा लागते आणि वाटेतल्या प्रत्येक अडथळ्यापाशी ती अडते. म्हणूनच एंजिनाची शक्ती वाढवू पाहणाऱ्या तंत्रज्ञाला पेट्रोलाआधी हवेचा विचार करावा लागतो. कार्ब्युरेटरच्या काळातील ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींचा इतिहास म्हणजे बव्हंशी हवेची वाट मोकळी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय.

हवेचा हिशेब

या विषयाचा आरंभ एका साध्या हिशेबाने करणे सोयीचे ठरेल. एम. जी. कंपनीची ‘एमजीबी’ ही दोन आसनांची मोटार १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. तिच्या चार सिलिंडरांच्या एंजिनाचे आकारमान १,७९८ घन सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १.८ लिटर होते. चार धावांच्या एंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदा हवा आत घेतो. त्यामुळे मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या वेगाने चालताना सिलिंडर पूर्ण भरत असतील, तर हे एंजिन मिनिटाला सुमारे ४,५०० लिटर, म्हणजेच सेकंदाला ७५ लिटर हवा ओढील. याच वेगाला पिस्टनची एक धाव पुरी होण्यास सेकंदाचा केवळ सहा सहस्रांश भाग लागतो. तेवढ्या अवधीत सुमारे ४५० घन सेंटिमीटर हवेने बाहेरून निघून, गाळणी, कार्ब्युरेटर, मॅनिफोल्ड आणि झडप ओलांडून सिलिंडरात शिरावयाचे असते.

प्रत्यक्षात सिलिंडर असा पूर्ण भरत नाही. जेवढी हवा मावू शकते त्या मानाने जेवढी खरोखर येते, त्या प्रमाणाला आकारमानी कार्यक्षमता असे नाव आहे. साध्या एंजिनात वेग वाढू लागला की हे प्रमाण घसरत जाते आणि एका मर्यादेनंतर फेऱ्या वाढवूनही शक्ती वाढेनाशी होते. एंजिन जणू धापा टाकू लागते. आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. जी हवा सिलिंडरात पोहोचलीच नाही, तिच्यापासून शक्ती मिळणे अशक्य असते.

एक एंजिन, दोन गाड्या

श्वासाने किती फरक पडतो याचे एक उदाहरण भारतीय वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, अर्थात बी. एम. सी., या कंपनीने बी-मालिका या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एंजिनांचे एक कुल निर्माण केले. त्यातील १,४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन मॉरिस ऑक्सफर्ड या कौटुंबिक गाडीत बसविले जात असे. याच गाडीच्या आराखड्यावरून पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे ॲम्बॅसडर तयार होऊ लागली आणि तिलाही पुढे हेच एंजिन लाभले. उत्तरपाड्यातील हे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. परंतु तोपर्यंत भारतातील टॅक्सीचालक, सरकारी अधिकारी आणि मिस्त्री यांच्या कित्येक पिढ्या या गाडीशी परिचित झाल्या होत्या.

१९५५ मध्ये एम. जी. कंपनीने ‘एमजीए’ ही स्पोर्ट्स मोटार बाजारात आणली, तेव्हा तिच्यातही याच १,४८९ घन सेंटिमीटरच्या एंजिनाचा उपयोग केला. कौटुंबिक गाडीला एका कार्ब्युरेटरवर पन्नासाच्या आसपास अश्वशक्ती पुरेशी होती. एमजीएच्या एंजिनावर दीड इंची तोंडाचे दोन एस. यू. कार्ब्युरेटर बसविण्यात आले, संपीडनाचे प्रमाण वाढविण्यात आले आणि आरंभी ६८, तर लवकरच ७२ अश्वशक्ती मिळू लागली. पिस्टनचा व्यास आणि धावेची लांबी दोन्ही गाड्यांत एकच होती. अधिक शक्ती मिळाली ती मुख्यतः अधिक हवा आत घेऊन आणि ती अधिक दाबून.

कार्ब्युरेटरपुढील पेच

हवेची वाट मोकळी करावयाची, तर ती सर्वत्र रुंद का करू नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे पहिले उत्तर कार्ब्युरेटरच्या कार्यपद्धतीत आहे. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की त्याचा दाब कमी होतो, हे तत्त्व डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी (१७४६–१८२२) यांनी मध्ये निमुळत्या होणाऱ्या नळीतील प्रवाहाचा अभ्यास केला. कार्ब्युरेटरमध्ये हीच योजना असते. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो, तेथील दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पेट्रोलाला बारीक तोटीतून वर ढकलतो. गळ्यातील वेग हीच पेट्रोलाला मिळणारी सूचना होय.

पेच येथेच आहे. गळा अरुंद ठेवला तर मंद वेगालाही पेट्रोल नीट फवारले जाते, परंतु जलद वेगाला हवा अडते. गळा रुंद केला तर जलद वेगाला हवा मोकळी वाहते, परंतु मंद वेगाला गळ्यातील दाब पुरेसा उतरत नाही. पेट्रोल थेंबाथेंबाने येते आणि गाडी अडखळू लागते. शर्यतीच्या गाडीला हा दोष चालतो, कारण ती मंद वेगाने क्वचितच धावते. रस्त्यावरच्या गाडीला तो चालत नाही.

या पेचातून एक सुंदर वाट इंग्लंडमध्ये काढण्यात आली. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी १९०५ मध्ये एका नव्या प्रकारच्या कार्ब्युरेटरसाठी एकस्वाचा अर्ज केला. पुढे ‘स्किनर्स युनियन’ या नावाच्या आद्याक्षरांवरून तो एस. यू. या नावाने विख्यात झाला. यात गळ्याची रुंदी कायम नसते. एक वजनदार पिस्टन गळ्यात उभा सरकतो. एंजिन जास्त हवा मागू लागले की पिस्टन वर उचलला जातो आणि गळा रुंद होतो. मागणी घटली की तो खाली उतरतो. त्यामुळे गळ्यातील वेग व दाब जवळजवळ स्थिर राहतात. पिस्टनच्या तळाला एक निमुळती सुई असून ती पेट्रोलाच्या तोटीत बुडालेली असते. पिस्टन जितका वर, तितकी सुईची बारीक बाजू तोटीत येते आणि तितके पेट्रोल अधिक सुटते. पिस्टनच्या वरच्या दांड्यात थोडे तेल घातलेले असते. एकाएकी ॲक्सिलरेटर दाबला असता पिस्टन उसळून वर जाऊ नये आणि मिश्रण क्षणभर समृद्ध राहावे, ही त्या तेलाची कामगिरी होय. हे तेल संपलेले असले, तर वेग घेताना गाडी दचकते आणि दोष मात्र भलत्याच भागावर ठेवला जातो.

अडथळे कोठे असतात

वाटेतील अडथळ्यांविषयी एक नियम ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. प्रवाह दुप्पट झाला की दाबाची हानी साधारणपणे चौपट होते. म्हणून मंद वेगाला न जाणवणारी एखादी कड जलद वेगाला मोठी धोंड ठरते. शिवाय सर्वांत अधिक अडविणारी जागा तशीच ठेवून इतर जागा कितीही रुंद केल्या, तरी लाभ अल्पच होतो. आधी ती जागा शोधणे हे खरे काम.

पहिली जागा हवेच्या प्रवेशाची. नळीचे तोंड तीक्ष्ण कडेचे असेल तर हवा कडेपाशी भिंत सोडून आत वळते आणि भोवरे निर्माण होतात. तेच तोंड कर्ण्यासारखे गोलसर केले तर प्रवेशातील हानी एक-दशांशापर्यंत किंवा त्याहूनही खाली येते. अनेक स्पोर्ट्स मोटारींच्या कार्ब्युरेटरांना तुतारीच्या आकाराची तोंडे लावलेली दिसतात, ती केवळ शोभेसाठी नसतात. गाळणीच्या डब्यात मावतील अशी आखूड, गोल तोंडे बसविणे हा कमी खर्चाचा आणि चांगला उपाय मानला जातो.

शक्ती वाढावी म्हणून गाळणी काढून टाकणे हा मात्र घातक मार्ग होय. धुळीचे कण सिलिंडराच्या भिंती आणि पिस्टनच्या कड्या घासून काढतात, आणि काही काळातच मिळालेल्या शक्तीहून अधिक शक्ती गळतीतून निघून जाते. कार्ब्युरेटरमधून ज्वाला उलटली तर तिला थोपविण्याचे कामही गाळणीचे आवरण करते. गाळणीचे क्षेत्रफळ वाढविणे आणि ती वेळोवेळी बदलणे, एवढाच येथे इष्ट उपाय आहे.

दुसरी बाब हवेच्या तापमानाची. बी-मालिकेच्या एंजिनात हवा आत येण्याची आणि धूर बाहेर पडण्याची द्वारे एकाच बाजूला आहेत. त्यामुळे कार्ब्युरेटर तापलेल्या धूरनळ्यांच्या शेजारीच बसतात. हवा ३० अंश सेल्सियसऐवजी ६० अंशांना आत घेतली, तर तिची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. म्हणजे तेवढ्याच आकारमानात तितकी हवा कमी येते. कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक पत्रा आणि बाहेरची थंड हवा आणणारी नळी यांचे महत्त्व यावरून कळून येईल. उष्ण हवामानाच्या देशांत तर ते अधिकच आहे.

तिसरी जागा जोडांची. मॅनिफोल्ड, गॅस्केट आणि सिलिंडर-हेड यांची छिद्रे एकमेकांशी तंतोतंत जुळत नसली, की प्रवाहाच्या वाटेत पायऱ्या तयार होतात. त्या घासून सारख्या करणे हे कष्टाचे, पण निर्धोक काम आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची जागा झडपेची. झडप उघडली की तिच्या कडेभोवती जी कंकणाकृती फट तयार होते, तिचे क्षेत्रफळ झडपेच्या उचलीवर अवलंबून असते. गणिताने असे दिसते की, झडप आपल्या व्यासाच्या चतुर्थांशाइतकी उचलली गेली, म्हणजे फटीचे क्षेत्रफळ झडपेच्या क्षेत्रफळाएवढे होते. ४० मिलिमीटर व्यासाच्या झडपेला ही उचल १० मिलिमीटर इतकी येते. परंतु झडप पूर्ण उचललेली फार थोडा वेळ असते. म्हणूनच अर्ध्या उचलीवर प्रवाह कसा वाहतो याला विशेष महत्त्व आहे. झडपेच्या बैठकीचा ४५ अंशांचा पट्टा अरुंद ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना ३० आणि ६० अंशांचे उतार दिले, की हवा तेथे अधिक सहजतेने वळते. या एका कामाने होणारा लाभ पुष्कळदा साऱ्या वाटेला झिलई देण्याहून मोठा असतो.

रुंद वाटेचा मोह

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. हवेला वजन आहे, आणि म्हणून तिला जडत्वही आहे. एकदा वेगाने धावू लागलेला हवेचा स्तंभ पिस्टन थांबला तरी लगेच थांबत नाही. या गुणाचा लाभ घेण्यासाठी आतली झडप पिस्टन तळाला पोहोचल्यानंतरही काही काळ उघडी ठेवली जाते. एमजीबीच्या एंजिनात पिस्टन वर येऊ लागल्यावरही कणा आणखी पन्नासाहून अधिक अंश फिरेपर्यंत ती बंद होत नाही. या अवधीत हवा स्वतःच्या वेगाने सिलिंडरात शिरत राहते.

वाटेचे क्षेत्रफळ आठ चौरस सेंटिमीटर आहे असे समजू. ५,००० फेऱ्यांना त्यातून हवेचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ९४ मीटर होतो. तीच वाट कोरून दहा चौरस सेंटिमीटरची केली, तर तो ७५ मीटरांवर येतो. अति जलद वेगाला हे हितावह ठरेल. परंतु २,००० फेऱ्यांना पहिल्या वाटेत ३७, तर दुसरीत अवघा ३० मीटर वेग उरतो. वेग मंदावला की स्तंभाचा जोर ओसरतो, वर येणारा पिस्टन आलेले मिश्रण परत ढकलतो आणि पेट्रोलाचे थेंब भिंतीला चिकटून राहतात. गाडी चढावर दम धरीत नाही. रस्त्यावरची गाडी आयुष्यातील बहुतेक काळ मध्यम वेगानेच चालते हे ध्यानी घेतले, म्हणजे वाट सरसकट रुंद करणे किती तोट्याचे आहे हे स्पष्ट होते.

हे ज्ञान अंदाजाने प्राप्त झालेले नाही. हॅरी वेस्लेक (१८९७–१९७८) या इंग्लिश तंत्रज्ञाने सिलिंडर-हेडमधून ठरावीक दाबाने हवा सोडून तिचे मापन करण्याची पद्धत रुजविली. १९२० नंतरच्या दशकात त्यांनी बेंटली मोटारींच्या एंजिनांवर काम केले. पुढे जॅग्वारच्या विख्यात एक्सके एंजिनाच्या हेडची घडण त्यांच्या सल्ल्याने झाली. हे ३,४४२ घन सेंटिमीटरचे एंजिन १९४८ मध्ये एक्सके १२० या गाडीतून लोकांपुढे आले, तेव्हा दोन एस. यू. कार्ब्युरेटरांवर १६० अश्वशक्ती देत होते. बी-मालिकेच्या हेडमधील हृदयाच्या आकाराचा ज्वलनकक्ष हेही वेस्लेक यांच्याच संशोधनाचे फळ.

अशा मापनातून एक अनपेक्षित गोष्ट निदर्शनास येते. वाटेच्या वळणावर हवा बाहेरच्या बाजूने धावते आणि आतल्या आखूड वळणापाशी भिंत सोडते. तेथील धातू कोरून टाकला तर वळण अधिक तीक्ष्ण होते आणि प्रवाह घटतो. उलट काही ठिकाणी मेणमाती लावून वाट अरुंद केली असता प्रवाह वाढलेला आढळतो. डोळ्यांना मोठी दिसणारी वाट हवेला मोठी असेलच असे नाही. कोरलेला धातू परत लावता येत नाही. म्हणून हातात कानस घेण्यापूर्वी मापन करणे इष्ट.

जुळ्या वाटेची मर्यादा

बी-मालिकेच्या हेडला आणखी एक जन्मजात मर्यादा आहे. चार सिलिंडरांसाठी हवेची द्वारे दोनच आहेत. पहिला व दुसरा सिलिंडर मिळून एक वाट वापरतात, तिसरा व चौथा मिळून दुसरी. ज्वलनाचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असल्यामुळे दुसऱ्याच्या पाठोपाठ लगेच पहिला, आणि तिसऱ्याच्या पाठोपाठ लगेच चौथा हवा ओढू लागतो. आधीच्या सिलिंडराची झडप मिटण्यापूर्वीच पुढच्याची उघडलेली असते. एकाच ताटातून दोघे घास उचलू लागतात. परिणामी मिश्रणाची वाटणी सारखी होत नाही. दोन झडपांमधील भिंत योग्य आकाराने घडविली तर हा दोष सौम्य होतो, नाहीसा होत नाही.

त्याचे मूळच काढून टाकण्याचा प्रयत्न एम. जी. कंपनीने १९५८ मध्ये केला. एमजीए ट्विन कॅम या गाडीत प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र वाट होती आणि धूर विरुद्ध बाजूने बाहेर पडे. १,५८८ घन सेंटिमीटरच्या या एंजिनाने १०८ अश्वशक्ती दिली. पुढे साध्या हेडचे तेवढ्याच आकारमानाचे एंजिन आले, त्याची शक्ती ८० च्या आसपास होती. ट्विन कॅमचे संपीडनही जास्त होते हे खरे. तरीही मोकळ्या श्वासाचा एवढा स्पष्ट पुरावा क्वचितच आढळतो.

हवा वाढली तर पेट्रोलही

परंतु ट्विन कॅमची कथा येथे संपत नाही. या एंजिनांचे पिस्टन जळण्याच्या आणि त्यांना भोके पडण्याच्या तक्रारी सर्वत्र येऊ लागल्या. संपीडन कमी करून पाहण्यात आले. परंतु गाडीची कीर्ती तोवर डागाळली होती. १९६० मध्ये ती बंद झाली, तेव्हा केवळ २,१११ गाड्या तयार झाल्या होत्या. पुढील काळात जे निदान झाले ते उद्बोधक आहे. एंजिनाच्या काही विशिष्ट वेगांना कार्ब्युरेटर कंप पावत, त्यामुळे पेट्रोलाचा पुरवठा घटे आणि मिश्रण विरळ होई. विरळ मिश्रण उच्च संपीडनाखाली स्फोटासारखे जळते आणि त्या उष्णतेपुढे ॲल्युमिनियमचा पिस्टन टिकत नाही. हवेची वाट उत्तम होती. तिला साजेसे पेट्रोल मात्र सदैव मिळत नव्हते.

म्हणूनच हवेच्या वाटेत केलेली प्रत्येक सुधारणा मिश्रण पुन्हा जुळविल्याशिवाय अपुरी राहते. पूर्ण शक्तीसाठी एक भाग पेट्रोलास साडेबारा ते तेरा भाग हवा असे किंचित समृद्ध मिश्रण लागते. गाळणी किंवा तोंड बदलले की एस. यू. कार्ब्युरेटरची सुईही बदलावी लागण्याचा संभव असतो. निष्क्रिय वेगाला मिश्रण तपासण्याची एक सोपी रीत आहे. कार्ब्युरेटरचा पिस्टन सुमारे एक मिलिमीटर उचलून पाहावा. एंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण समृद्ध, एंजिन मंदावून बंद पडू लागले तर विरळ, आणि वेग क्षणभर किंचित वाढून स्थिरावला तर योग्य समजावे. दोन कार्ब्युरेटर असतील तर दोहोंतून सारखीच हवा जात असल्याची खात्री आधी करून घ्यावी. अनुभवी मिस्त्री रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरून दोहोंचा सूत्कार ऐकतात आणि तो सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवितात.

कामाचा क्रम

वरील विवेचनावरून कामाचा क्रम सहज ठरविता येतो. प्रथम एंजिन निरोगी आहे की नाही हे पाहावे. सिलिंडरांचे संपीडन, झडपांमधील अंतर आणि ठिणगीची वेळ बिघडलेली असताना हवेची चिकित्सा निष्फळ ठरते. त्यानंतर कार्ब्युरेटर स्वच्छ करून एकमेकांशी जुळवावेत. मग गाळणी, गोल तोंडे, थंड हवा आणि जोड यांकडे वळावे. ही कामे कमी खर्चाची असून परत फिरविता येतात. झडपांच्या बैठका त्यानंतर, आणि वाट कोरणे अगदी शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर मिश्रण पुन्हा तपासणे क्रमप्राप्तच आहे. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे लाभ किंवा हानी कशामुळे झाली हे कळते.

नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर आता नाहीसा झाला असून पेट्रोल मोजून फवारण्याचे काम विद्युत् यंत्रणा करते. भारतात तर एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषण-नियमांमुळे नव्या दुचाकींतूनही त्याने जवळजवळ पूर्णपणे निरोप घेतला आहे. हवेच्या वाटेचे नियम मात्र बदललेले नाहीत. वळणापाशी भिंत सोडण्याचा तिचा स्वभाव, तिचे जडत्व आणि वेगाच्या वर्गाने वाढणारा अडथळा नव्या एंजिनातही तेच आहेत. जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांना या नियमांचा उपयोग आजही रोज होतो. आपले एंजिन कोणत्या वेगाला सर्वाधिक काळ चालणार आहे, हे ज्याने आधी ठरविले, त्यालाच हवेची वाट किती रुंद असावी याचे उत्तर मिळते.